घेराला घातलेले टाके

११ फेब्रुवारी

आदरणीय सिस्टर,

तुला 'बारके' म्हणून हाक मारावी, तर तू आता साक्षीदार क्रमांक दोन आहेस. साक्षीदाराला टोपणनावाने हाक मारली तर न्यायालयाचा अवमान होतो की काय, कोण जाणे. म्हणून आदरणीय.

धर्मप्रांताच्या न्यायालयाचं पाकीट काल दुकानात आलं. त्या वेळी मी एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होते. "हे स्पष्ट की हे?" आजोबा म्हणाले, "दोन्ही सारखंच धूसर." पाकीट फोडून वाचलं आणि मलाही तसंच दिसायला लागलं.

तुझ्या भाऊजींचं म्हणणं असं की तेवीस वर्षांपूर्वी आमचं लग्न झालंच नाही. मोडलं, असं म्हणत नाहीत ते. मोडलं हे तर गल्लीतल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी ते दोन बॅगा आणि माझी इस्त्री घेऊन गेले, नंतर सरकारी कोर्टाचा कागद आला, त्यानंतर त्यांनी त्या वाचनालयवाल्या बाईंशी नोंदणी पद्धतीने लग्नही केलं. एवढं सगळं होऊनही चर्चच्या वहीत मी अजून त्यांची बायको. संस्कार आहे ना तो. देवाने जोडलेलं माणसाने तोडायचं नसतं. मग माणसाने काय करायचं? जोडलंच नव्हतं, असं सिद्ध करायचं.

त्यांना एवढी घाई कशाची, तेही कळलं. दुसरं लग्न केल्यापासून त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. गायनवृंदात पहिल्या ओळीत उभं राहून प्रसादाच्या वेळचं गीत हेच गातात, लोक पुढे जाऊन प्रसाद घेऊन येतात, आणि हे 'आमेन' म्हणत जागच्या जागी. घर सोडताना लाज वाटली नाही या माणसाला, पण रांगेत नसण्याची वाटते.

असो. आता तुझा भाग. अर्जात लिहिलंय की लग्नाच्या सकाळी मी म्हणाले होते, "वर्षभर बघते. नाही जमलं तर परत येते." म्हणजे वेदीसमोर 'मरेपर्यंत' म्हणताना माझ्या मनात पळवाट होती. आणि ज्या लग्नात पळवाट ठेवून शपथ घेतली, ते लग्न चर्चच्या लेखी लग्नच नव्हे.

ते वाक्य बोलताना त्या खोलीत दोनच माणसं होती. मी आरशासमोर, आणि तू खाली जमिनीवर, तोंडात टाचण्या धरून माझ्या झग्याच्या घेराला टाके घालत. घेर उसवला होता, म्हणून. पुढे कधीतरी जेवताना तूच ती गंमत भाऊजींना सांगितलीस आणि सगळे हसले. मीही हसले. तेव्हा काय माहीत, की ते हसता हसता पाठ करत होते.

तरी मला वाटलं, तू नाही म्हणाली असशील. फोन केला त्यांना.

"तुझ्या बहिणीने शुभवर्तमानावर हात ठेवून सांगितलंय," ते म्हणाले. "सिस्टर आहे ती. ती खोटं बोलेल का?"

"आणि मी बोलेन?"

"तुझं काय, तू कायम गमतीतच बोलतेस. म्हणून तर न्यायालयाला कळायला हवं, की त्या दिवशी गंमत नव्हती."

म्हणजे तेवीस वर्षं मी केलेल्या एकाही विनोदाला हा माणूस हसला नाही, आणि ज्याला हसला तो विनोद नव्हता म्हणे.

तू साक्ष दिलीस हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं. तुझ्या मठात फोन आहे, पोस्ट आहे, देवाच्या कृपेने तुला अक्षरओळखही आहे. एक ओळ लिहायची होतीस, 'ताई, मला बोलावलंय.' नाही लिहिलीस. उलट त्याच आठवड्यात नेहमीसारखं, प्रसादाच्या चकत्या कापून उरलेल्या कातरणीचं पाकीट पाठवलंस आणि वर 'प्रार्थना करते' असं कार्ड.

ते पाकीट सोबत परत पाठवत आहे. न उघडता.

आपली,
प्रतिवादी

२७ फेब्रुवारी

सिस्टर,

पहिल्या दोन बोलावण्यांना मी केराची टोपली दाखवली. तिसऱ्यांदा पत्र आलं, की कागदपत्रं वाचण्याचा आपल्याला हक्क आहे, नंतर आपलं म्हणणं नोंदवू. हक्क म्हटल्यावर गेले. फुकटचा हक्क मी कधी सोडलाय?

तुमचं ते न्यायालय म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, भिंतीवर क्रूस आणि क्रूसाच्या बरोबर खाली रुमालांचं खोकं. आधी रडून गेलेल्यांच्या सोयीसाठी असावं. नोटरीण बाईंचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि त्या कागद हातभर लांब धरून वाचत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमचा नंबर बदललाय." त्या म्हणाल्या, "आधी तुमचा लागू द्या." मला आवडल्या त्या.

तुझी साक्ष साडेतीन पानांची. सगळी वाचली. तुला वाटत असेल ताईने वरवर चाळली असेल, तर तसं नाही. काही भाग तर तोंडपाठ झालाय.

प्रश्न सहा : प्रतिवादीने 'वर्षभर बघते' असे म्हटले होते काय? उत्तर : हो.

प्रश्न सात : ते गांभीर्याने म्हटले होते काय? उत्तर : आमच्या ताईच्या तोंडाला लगाम नाही. ती देवाशीही तसंच बोलते. तिच्या बोलण्यावरून काही ठरवायचं झालं, तर तिने आतापर्यंत मला सतरा वेळा मारून टाकलं आहे.

हे वाचून मला खुदकन हसू आलं. नोटरीण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आणि मग आला प्रश्न नऊ.

प्रश्न नऊ : अर्जदाराचे म्हणणे आहे, की प्रतिवादीने लग्नाच्या झग्यात माहेरच्या खोलीची किल्ली शिवून घेतली होती आणि हे तिने स्वतः भांडणात त्याला सांगितले. साक्षीदारास याची माहिती आहे काय?

उत्तर : नाही. मी फक्त उसवलेला घेर शिवला. त्यात काही नव्हतं.

ही ओळ मी तीनदा वाचली. मग रुमालांच्या खोक्याकडे पाहिलं, आणि तिथून नजर काढून घेतली.

बारके, घेर उसवला नव्हता.

हे तुला सांगायला नको. पण तेवीस वर्षांत आपण दोघींनी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की परवाच्या पत्रात तुला लिहितानासुद्धा मी तेच लिहिलं. सवयच झाली. दुकानाच्या वरच्या माझ्या खोलीची ती पितळी किल्ली मीच तुझ्या हातात दिली होती. तू एकोणीस वर्षांची. म्हणालीस, "ताई, चालताना वाजेल." मी म्हटलं, "मग दोन टाके जास्त घाल." तू चांगले बारा घातलेस. शिवणाचा कंटाळा असणारी मी, सुईत दोरा ओवता न येणारी, आणि तू, जिने कापडाच्या दोन घड्यांमध्ये ती अशी बसवलीस, की वेदीसमोर गुडघे टेकले तेव्हा फक्त माझ्या घोट्यालाच कळलं.

आणि आता तू शपथेवर सांगतेस, त्यात काही नव्हतं.

तुला वाटेल मी आभार मानीन. नाही मानणार. खोटंच बोलायचं होतं तर सहाव्या प्रश्नालाच बोलायचं होतंस. मी तसं काही म्हणालेच नाही, म्हणायचं, संपलं असतं. खरं बोलायचं होतं तर पूर्ण बोलायचंस. तू काय केलंस? माझी गंमत तेवढी त्यांच्या टेबलावर ठेवलीस आणि किल्ली पदराखाली झाकलीस. अर्ध्या खऱ्याने मला उघडं पाडलंस, अर्ध्या खोट्याने उपकारात टाकलंस, आणि दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस. तुझ्या व्रतांमध्ये आज्ञापालन आहे, ब्रह्मचर्य आहे, गरिबी आहे. ताईला एक शब्द विचारावा, असं कलम त्यात नाही वाटतं.

माझी जबानी दोन एप्रिलला. काय सांगायचं ते मी ठरवलंय. 'माझा स्वभाव विनोदी आहे, किल्लीचं मला काही आठवत नाही.' मग ते अर्ज फेटाळतील आणि तुझे भाऊजी जन्मभर प्रसादाचं गीत गात जागच्या जागी उभे राहतील. गाऊ देत. आवाज बरा आहे त्यांचा, हे मी कधी नाकारलं नाही.

माझी तेवीस वर्षं कोणी खोडून टाकावीत, अशी त्यांची किंमत नाही. भांडून का होईना, मी ती जगले आहे.

चष्मेवाली

१६ मार्च

बारके,

लेक रविवारी तुझ्याकडे येऊन गेली. तिला तुझ्या हातच्या कातरणीची आठवण येत होती, असं ती म्हणते. खरं म्हणजे तिला विचारायचं होतं, की आईबापांचं लग्न झालंच नाही तर मग आपण कोण. न्यायालयाच्या पत्रकात त्याचीही सोय आहे. लग्न रद्द ठरलं तरी मुलं औरसच राहतात. म्हणजे झाड नव्हतंच, पण फळ अधिकृत. मी तिला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, तू गप्प बस, मी मावशीला विचारते." घरात एवढी मोठी वकील बसलेली असताना.

तू तिला काय सांगितलंस ते तिने मला सांगितलं नाही. पण दुसरंच एक सांगितलं. भांडी घासता घासता, सहज सांगितल्यासारखं.

"मावशी प्रसादाला गेली नाही."

"म्हणजे?"

"सगळ्या सिस्टर्स रांगेत गेल्या. मावशी बाकावरच बसून राहिली. मी तिला ढोसलं, तर म्हणाली, तू जा. मग कळलं, ती महिना झाला जात नाही."

"आजारी आहे का?"

"आजारी कशाला असेल? सकाळी दीड हजार चकत्या कापल्या तिने. माझ्यासमोर."

मी नळ बंद केला.

मला आठवलं, पहिल्यांदा तुझ्या मठात आले तेव्हा तू मला ते यंत्र दाखवलं होतंस. नुसतं पीठ आणि पाणी, मिठाचा कणसुद्धा नाही. दोन गरम तव्यांमध्ये कागदासारखी पातळ पोळी होते, मग थोडी ओल लागू द्यायची, नाहीतर कापताना तुटते. गोल चकत्या वेदीकडे, आणि कडेची जाळी उरते ती आपल्याला. "आशीर्वाद होईपर्यंत हे फक्त पीठ आहे, ताई," तू म्हणाली होतीस, "आणि नंतर तो स्वतः." मी विचारलं होतं, "मग या कातरणीला काय म्हणायचं? नापास झालेला देव?" तू कपाळावर हात मारलास आणि मूठभर तुकडे माझ्या तोंडात कोंबलेस, मी गप्प बसावं म्हणून.

म्हणजे तीन गावांच्या जिभेवर तुझ्या हातचा प्रसाद, आणि तूच उपाशी.

का, ते मला कोणी सांगायला नको. आपण दोघींनी धर्मशिक्षण एकाच बाकावर बसून घेतलं. शपथेवर खोटं बोलणं हे मोठं पाप. मोठं पाप मनावर असताना प्रसाद घ्यायचा नाही. मग जायचं पापनिवेदनाला. आणि जाळीपलीकडचे फादर काय म्हणाले असतील तेही मला ऐकू येतं. 'मुली, पश्चात्ताप झाला असेल तर जाऊन साक्ष दुरुस्त कर.' साक्ष दुरुस्त केली तर ताईचं लग्न गेलं. नाही केली तर क्षमा नाही. म्हणून तू बाकावर बसलीस. कोणाला काही न सांगता. मलाही नाही.

पाहा बरं काय झालंय. तुझे भाऊजी एका चर्चमध्ये जागच्या जागी, तू दुसऱ्या चर्चमध्ये बाकावर. आणि मी? मी मात्र दर रविवारी ताठ मानेने रांगेत. जीभ बाहेर काढून. तिघांमध्ये सगळ्यात लांब खोटं कोणी चालवलं असेल, तर मी. पण माझी अजून जबानी झालेली नाही ना. कागदावर मी स्वच्छ आहे.

माझा राग गेला असं समजू नकोस. तो आहे तिथेच आहे, फक्त त्याला बसायला जागा सापडत नाहीये.

दोन तारखेला काय बोलायचं, ते मी तुला विचारणार नाही. तू मला विचारलं होतंस?

ताई

२ एप्रिल

बारके,

मी तुझी चुगली करून आले.

आधी हे सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच आशा नको. शुभवर्तमानावर हात ठेवला. नोटरीण बाईंचा चष्मा नवीन होता, माझ्याच दुकानातला. न्यायाधीश फादर म्हातारे आहेत, प्रश्न विचारण्याआधी मान हलवतात, उत्तर मिळाल्यासारखी. 'वर्षभर बघते' झालं. मी सांगितलं, हो, म्हणाले होते. गंमत होती? मी म्हटलं, फादर, माझ्या बोलण्यात गंमत किती आणि खरं किती हे मोजायचं भिंग माझ्या दुकानात नाही.

मग ते म्हणाले, "किल्लीबद्दल काही सांगायचं आहे?"

मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

नोटरीण बाईंनी नवीन चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं.

"ही झग्यात होती?"

"घेराच्या दुमडीत. डाव्या बाजूला."

"शिवली कोणी?"

क्षणभर वाटलं, 'मी' म्हणावं. जिभेवर आलंही होतं. तू माझ्यासाठी एक खोटं बोललीस, मी तुझ्यासाठी एक बोलते, वाटून घेऊ. पण मग तू तिथेच बसून राहिली असतीस, बाकावर. आणि शिवाय मला शिवता येत नाही हे तुझ्या भाऊजींनी अर्जात तक्रार म्हणून लिहिलेलंच आहे, पान चार.

"माझ्या धाकट्या बहिणीने," मी म्हटलं. "बारा टाके. तिने तुम्हाला नाही सांगितलं, कारण तिला वाटलं ती मला वाचवतेय. तिला पुन्हा बोलवा. ती येईल."

फादरनी डोळे मिटले. मला वाटलं रागावले. नंतर कळलं, माणूस दमला होता.

बारके, पुढचं मी त्यांना सांगितलं ते तुलाही कधी सांगितलेलं नाही. तुला वाटतं, मी काही महिन्यांनी ती किल्ली उसवून काढली आणि हसून कपाटात टाकली. तशी गोष्ट मीच पसरवली. खरं असं, की आठव्या महिन्यात मी घर सोडून निघाले होते. गायनवृंदात त्यांचा एकट्याचा आवाज फाटला आणि मी हसले, म्हणून ते अकरा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. बाराव्या दिवशी दुपारी मी पिशवी भरली, किल्ली घेतली, आणि मागच्या जिन्याने आपल्या दुकानाच्या वरच्या खोलीशी आले. किल्ली लागेना. बाबांनी त्या खोलीत चष्म्यांच्या डब्या ठेवायला सुरुवात केली होती आणि कुलूप बदललं होतं. माझी पळवाट लग्नानंतर महिन्याभरातच बंद झाली होती, आणि सात महिने मी तिच्या जिवावर त्या घरात तोरा मिरवत होते.

पायरीवर बसले. खाली बाबांचा आवाज येत होता, "हे स्पष्ट की हे?" गिऱ्हाईक म्हणालं, "हेच राहू द्या." नाही, त्यावरून मी काही ठरवलं नाही, मी इतकी भोळी नाही. पण एक हाक मारली असती तर बाबा वर आले असते, नवीन कुलूप उघडलं असतं, एक शब्दही विचारला नसता. तुला माहीत आहे ते. मी हाक मारली नाही. अर्धा तास बसले, पिशवी उचलली आणि परत गेले. कोणी ओढून नेलं नव्हतं. झगा नव्हता, फुलं नव्हती, आणि पायात चपला दोन वेगवेगळ्या जोडांच्या होत्या. त्या दिवशी मी हो म्हटलं. वेदीसमोर म्हटलं होतं ते पाठ केलेलं होतं.

फादरनी विचारलं, "तेव्हा तिथे कोणी होतं?"

"कोणी नाही."

"बाई, संमती धर्मगुरूसमोर द्यावी लागते. दोन साक्षीदारांसमोर."

"फादर, तुम्हीच शिकवता, हा एक संस्कार धर्मगुरू देत नाही, नवरा-बायको एकमेकांना देतात. मी दिला. त्यांना पोचला की नाही, ते त्यांना विचारा."

त्यांनी नोटरीण बाईंना हे लिहायला सांगितलं. सगळं, चपलांसकट. त्याने निकाल बदलणार नाही, हे मला त्यांच्या मान हलवण्यावरून कळलं. पण लिहिलं गेलं.

किल्लीला त्यांनी नंबर दिला आणि पाकिटात घालून फायलीला जोडली. आता ती कुठलंच कुलूप न उघडता तुमच्या न्यायालयात राहील. माझ्यासारख्या बाईच्या लग्नाला यापेक्षा चांगलं स्मारक मिळालं नसतं.

बाहेर बाकावर तुझे भाऊजी बसले होते. माझ्याकडे पाहिलं आणि उभे राहिले, वाद्य सुरू व्हायच्या आधी राहतात तसे.

"तू सांगितलंस?"

"सांगितलं."

"थँक्यू," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा थँक्यू, आणि तेही ती तेवीस वर्षं नव्हती असं म्हटल्याबद्दल.

"तुमच्यासाठी नाही सांगितलं," मी म्हटलं. "इस्त्री परत करा."

तर अशी गोष्ट. आता तुझा कागद खोटा आहे हे त्यांना माहीत आहे, आणि झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. बोलावणं येईल, तेव्हा जा. बाराही टाके सांग. मग जाळीपलीकडच्या फादरना सांग, आणि ते सांगतील तेवढ्या प्रार्थना म्हण. माझ्या नावाने दोन कमी म्हटल्यास तरी चालेल.

मला न विचारता साक्ष दिलीस, ते मी विसरणार नाही. तुला न विचारता मी दिली, ते तूही विसरू नकोस. कोणी कोणाला आधी दगा दिला, याचा हिशेब लावायला बसलो तर दोघी मरून जाऊ.

लेक पुढच्या रविवारी पुन्हा तुझ्याकडे येणार आहे. तिला मी एकच गोष्ट बघून यायला सांगितली आहे. तू रांगेत गेलीस, तर तिच्या हाती कातरणीचं पाकीट दे. परत नाही करणार. आणि नाही गेलीस, तर मी स्वतः येईन, तुझ्या त्या बाकावर तुला खेटून बसेन, आणि संपूर्ण मिस्साभर तुझ्या कानात बोलत राहीन.

तुझी,
(न्यायालयाच्या मते लवकरच कुमारी)
ताई